१२ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा: घरकामाची वाटणी कशी करावी, म्हणजे रोज भांडण होणार नाही?

तुम्ही लिहिलंय की दोघांना तीन-तीन कामं दिली आहेत, तरी मुलगी म्हणते माझ्यावरच जास्त पडतं आणि मुलगा म्हणतो ताई काहीच करत नाही. गडबड त्या ‘तीन-तीन’मध्येच आहे. पानं घेणं हे एक काम, आणि जेवणं झाल्यावर उष्टी काढून ओटा पुसणं हेही एकच काम. पहिलं चार मिनिटांत होतं. दुसऱ्याला पंधरा लागतात, शिवाय हात खरकटे होतात ते वेगळंच.

म्हणून एक आठवडा नवी वाटणी करू नका, नुसती मोजणी करा. फोनचं स्टॉपवॉच मुलांच्याच हातात द्या. प्रत्येक काम दोघांनी एकेकदा करायचं आणि कागदावर त्यापुढे दोन आकडे लिहायचे: किती मिनिटं लागली, आणि काम किती नकोसं वाटलं (१ ते ३). दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या कामाचे गुण. ओला कचरा खाली नेऊन डबा धुणं ५ मिनिटांचं, पण नकोसेपणा ३, म्हणजे १५. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या १५ मिनिटं, नकोसेपणा १, म्हणजे तेही १५. नकोसेपणाचा आकडा तुम्ही सुचवू नका. दोघांचे आकडे वेगळे आले तर चांगलंच, कारण एकाला नको असलेलं काम दुसऱ्याला चालतं.

आता वाटणी. धाकट्याला लागलेला वेळ धरून सारख्या गुणांच्या दोन याद्या करायच्या. शाळेच्या दिवशी त्याला साधारण २० मिनिटं पुरेत. याद्या एकाने करायच्या आणि आधी निवडायचं दुसऱ्याने. पुढच्या रविवारी उलट. याद्या करणारा आपोआप सारख्या करतो, कारण वाईट यादी आपल्याच गळ्यात पडेल हे त्याला ठाऊक असतं. मुलगी तिची यादी बहुधा १२ मिनिटांत उरकेल. उरलेली ८ मिनिटं तिने भावाच्या आवाक्याबाहेरचं काहीतरी घ्यायचं. म्हणजे घड्याळ दोघांचं सारखंच चालतं, आणि ‘मी मोठी म्हणून जास्त का’ हा प्रश्नच राहत नाही.

इथे एक गोष्ट अगदी सांभाळा. तिची ती ८ मिनिटं दरवेळी स्वयंपाकघरात घालू नका. वाण्याकडे जाणं, सायकलींत हवा भरणं, बिघडलेल्या नळासाठी प्लंबरला फोन करणं हेही तिला येऊ दे. आपल्याकडे मुलाला बाहेरची आणि मुलीला आतली कामं देऊन ‘दोघंही करतात’ असं म्हटलं जातं. पण दूध-ब्रेड आणणं दिवसातून एकदा, तेही चक्कर मारून येण्यासारखं. पानं, उष्टी, ओटा मात्र दोन्ही वेळा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, ते करणाऱ्या पुरुषांचा ९७, असं दिसलं. हा फरक लग्नानंतर अचानक पडत नाही, बारा-तेराव्या वर्षीच्या अशा वाटणीतून तो वाढत जातो. आणि त्या कागदावर आई-बाबांचीही कामं लिहा, मुलं ती बारकाईने वाचतात.

निम्मी भांडणं ‘झालं’ या शब्दावरून होतात, म्हणून ‘झालं’ म्हणजे काय ते लिहून ठेवा. ओट्याचं पाहा: ओटा कोरडा, सिंकच्या जाळीतलं खरकटं ओल्या कचऱ्यात, फडकं साबणाने धुऊन, पिळून दांडीवर. जाळी आणि फडकं हमखास राहून जातं, आणि दुसऱ्या दिवशी वास त्याचाच येतो. या तीन ओळी ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. नवीन काम एकदा करून दाखवा, एकदा दोघं मिळून करा, एकदा नुसते बाजूला उभे राहा, मग तिथून निघून जा. घडी वाकडी असली तरी मुलासमोर ती उलगडून पुन्हा घालू नका. ‘आई नंतर करतेच’ हे कळलं की हात ढिला पडतो.

वेळ ‘संध्याकाळी’ अशी नको. ‘दप्तर ठेवल्यावर’, ‘जेवून उठल्यावर लगेच’, ‘अंघोळीच्या आधी’ अशी हवी, म्हणजे आठवण करत मागे लागावं लागत नाही. रोजच्या कामाला पैसे लावू नका, नाहीतर ‘आज मला पैसे नकोत’ म्हणून काम टाळायची वाट मोकळी होते. गाडी धुणं, माळा आवरणं अशा जादा कामाला खुशाल द्या. परीक्षेच्या आठवड्यात काम निम्मं करा, शून्य नको. एकदा शून्य झालेलं परत सुरू करायला महिना जातो. अदलाबदल चालेल, पण उधारी रविवारच्या आत फेडायची. नाहीतर मोठं भावंड धाकट्याकडून गोड बोलून महिनाभराचं काम काढून घेतं.

भांड्यांच्या मावशी ज्या दिवशी येणार नाहीत, त्या दिवसासाठी वेगळी ओळ आत्ताच लिहून ठेवा: घासणार कोण, विसळणार कोण, पुसून लावणार कोण. तुम्ही चौघं असाल तर चौथ्याकडे केर. सकाळी सात वाजता ठरवायला बसलात, तर ते सगळं आईच्याच अंगावर येतं.