आकड्याबाहेरचे माणूस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. ‘सायको-पास’ या जपानी अॅनिमे मालिकेच्या पहिल्या हंगामाचे 22 भाग तू दोन रात्रींत संपवलेस. माणसांची मने मोजून समाज चालवणाऱ्या सिबिल या यंत्रणेचे गुपित कळल्यावरही तिची नायिका, पोलीस अधिकारी अकाने, त्याच खात्यात काम करत राहते आणि यंत्रणा जिथल्या तिथे राहते, मग जिंकले कोण आणि अशा कथांतून आशा कसली घ्यायची, असे तू चिडून विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे, आणि तो केवळ मालिकेपुरता नाही हे पत्राच्या उत्तरार्धावरून माझ्या लक्षात आले. तुझ्या कामाच्या ठिकाणी भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाचा त्या दिवसाचा गुण झळकतो आणि हल्ली घरी आल्यावरही तू स्वतःला त्याच आकड्याने मोजतोस, असे तू लिहिले आहेस. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी सिबिल माणसांकडून नेमके काय काढून घेते ते नीट पाहायला हवे. 2012 साली आलेल्या या मालिकेत मनाचे मोजमाप करून प्रत्येकाचा गुन्हे-गुणांक काढला जातो. तो 100च्या वर गेला की डॉमिनेटर नावाचे पिस्तूल त्या माणसाला बधिर करते आणि 300च्या वर गेला की त्याचा जीव घेते. ही हिंसा भयंकर आहेच, पण मला त्याहून अधिक हादरवले ते भर रस्त्यातल्या एका प्रसंगाने. आसपासच्या लोकांची मोजमापे उसनी घेणारे शिरस्त्राण घातलेला एक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका स्त्रीला हातोडीने मारतो, आणि लोक नुसते उभे राहून बघतात. ती माणसे दुष्ट नाहीत. गुन्हा ओळखण्याचे काम इतकी वर्षे यंत्राने केल्यामुळे समोर गुन्हा घडतो आहे हे त्यांना उमगतच नाही. डोळे आहेत, पण पाहण्याची जबाबदारी त्यांनी केव्हाच दुसऱ्यावर सोपवली आहे. जुलमी व्यवस्था बंदुकीवर चालते असे आपण म्हणतो, परंतु ती दिवसेंदिवस टिकते ती या सवयीवर.

आता पहिला भाग पुन्हा आठव. अत्याचार सोसलेली, भीतीने अर्धमेली झालेली एक स्त्री आहे आणि त्या धक्क्यानेच तिचा गुणांक मारण्याच्या पातळीवर गेला आहे. नियमाप्रमाणे तिला मारायला हवे. नोकरीचा पहिलाच दिवस असलेली अकाने डॉमिनेटर वळवते ती स्वतःच्या सहकाऱ्याकडे आणि त्याला बधिर करून पाडते. मग सांडलेल्या इंधनात हातात लायटर धरून उभ्या असलेल्या त्या स्त्रीशी ती बोलत राहते. बोलता बोलता आकडा उतरतो आणि जीव घेणारे हत्यार बधिर करण्यापुरते उरते. या प्रसंगात सिबिलला ओरखडाही उठलेला नाही. तरी एक बाई जिवंत राहिली, कारण आकडा आणि माणूस यांत फरक करणारी एक व्यक्ती तिथे हजर होती.

अकराव्या भागात तिला याची दुसरी बाजू दिसते. माकिशिमा हा खुनी तिच्या मैत्रिणीच्या गळ्यावर वस्तरा धरून उभा असतो आणि त्याचा गुणांक चढायचा सोडून घसरतच जातो, त्यामुळे डॉमिनेटर त्याच्यावर चालत नाही. जिथे निरपराध बाई मारण्यायोग्य ठरते आणि खुनी निर्मळ ठरतो, तिथे मापातच खोट आहे. ते कळल्यावर अकानेने सगळे उधळून का दिले नाही, हा तुझा खरा आक्षेप आहे. यंत्रणा आज कोसळली तर तिच्यावर विसंबलेल्या लाखो लोकांचे काय, याचा हिशेब ती करते, आणि त्याच वेळी सिबिलला तोंडावर सांगते की कधीतरी कोणीतरी इथे येईल आणि तुमची वीज बंद करेल. मी याला शरणागती म्हणणार नाही. ती आत राहते, पण मनाने त्यांची होत नाही. हे निभावणे अवघड आहे, आणि तसे म्हणवून घेत प्रत्यक्षात मिंधे झालेले लोकही मी पाहिले आहेत. म्हणून अकानेची वाट प्रत्येकाने धरावी असे मी म्हणत नाही.

एवढ्यासाठी तू ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा 2019 सालचा पहिला हंगाम पाहावास. शेवट आधी कळला तरी त्यात काही उणे होत नाही. ग्रेस फील्ड हे अनाथालय नसून राक्षसांसाठी मुले वाढवण्याची वाडी आहे, हे तिथे वाढणाऱ्या एम्मा आणि नॉर्मन या मुलांना कळते ते एका सशाच्या बाहुलीमुळे. दत्तक जाणारी छोटी कॉनी ती मागे विसरते, ती द्यायला हे दोघे फाटकापर्यंत धावतात आणि गाडीत त्यांना तिचे प्रेत दिसते. त्यानंतर मुले काय करतात ते बघ. ती रोज जेवतात, हसतात, परीक्षा देतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्या ‘आई’च्या, इझाबेलाच्या, नजरेसमोर पकडापकडी खेळत लहानग्यांना पळण्याचा आणि माग चुकवण्याचा सराव देतात. सगळ्यांना घेऊन जाणे अशक्य आहे हे त्यांचा मित्र रे वारंवार बजावतो. एम्मा हट्ट सोडत नाही, पण वेळ आल्यावर चार वर्षांपर्यंतच्या मुलांना तिला मागे ठेवावेच लागते. त्यांच्यातल्या फिलला ती खरे सांगते. तो चार वर्षांचा मुलगा आपण वाट पाहू म्हणतो. परत येईन असा शब्द देऊन ती निघते. त्या रात्री 15 मुले कपडे टांगण्याच्या हँगरना लोंबकळत दोरावरून दरी ओलांडतात. हा भाग मी कितीदा पाहिला असेल, पण अजूनही फिलच्या चेहऱ्याशी येऊन थांबते.

आणि तिथेच इझाबेलाकडे बघ. तीही लहानपणी त्याच भिंतीवर चढली होती, पलीकडची दरी पाहून परत फिरली होती, आणि मोठेपणी मुलांना मरणासाठी वाढवणारी ‘आई’ झाली. आशा धरणे ही स्वतःची फसवणूक आहे, असे तू लिहिलेस तेव्हा मला तीच आठवली. दरी खोटी नव्हती, तिचा अंदाजही चुकला नव्हता. फरक इतकाच, की ती एकटी होती आणि नंतर आलेल्या मुलांनी दोर वळले.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. ‘अटॅक ऑन टायटन’ या मालिकेतला एरेन भिंतींच्या आत कोंडलेला, अन्याय सोसलेला मुलगा आहे, आणि 2023 साली मालिका संपते तोवर त्याने जगातली बहुतेक माणसे चिरडलेली असतात. त्याला थांबवायला निघतात ते त्याचेच जिवलग. राग खरा असला म्हणून तो सुचवेल ते सगळे बरोबर ठरत नाही, आणि हे तुझ्या वयात कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

या कथा आभाळातून पडलेल्या नाहीत. जपानमधल्या तोएई या अॅनिमेशन स्टुडिओत 1964 साली, पुढे नामवंत दिग्दर्शक झालेले तरुण हायाओ मियाझाकी कामगार संघटनेचे सरचिटणीस होते आणि त्यांचे सहकारी इसाओ ताकाहाता उपाध्यक्ष. ताकाहातांनी दिग्दर्शित केलेला होरुसचा चित्रपट 1968 साली आला तो याच मंडळींच्या मेहनतीतून. त्यात कनिष्ठ चित्रकारांच्याही सूचना मागवल्या जात, आणि कथा होती एका गावाने एकजुटीने संकटाला तोंड देण्याची. चित्रपट चालला नाही. पुढे 1978 साली मियाझाकींनी ‘फ्यूचर बॉय कोनान’ या मालिकेत इंडस्ट्रिया नावाचे शहर उभे केले आणि त्याच्या पोटात, जमिनीखाली कोंडलेली माणसे दाखवली, तेव्हा ती कल्पना त्यांनी केवळ पुस्तकातून आणली असेल असे मला वाटत नाही.

मी तरुणपणी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. आठ-आठ महिने मानधन निघत नसे आणि विचारायला गेले की ‘तुमच्या तासांची नोंदच नाही’ असे उत्तर मिळे. आम्ही पाच जणांनी दोनशे पानी वही घातली, रोज तारीख, वर्ग, विषय लिहून एकमेकांच्या सह्या घेऊ लागलो. मानधन त्यानंतरही उशिराच आले, पण ‘नोंद नाही’ हे वाक्य पुन्हा कोणी आम्हाला ऐकवले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संध्याकाळी सह्यांसाठी एकत्र बसल्यामुळे प्रत्येकाला आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटणे थांबले.

तूही एक वही घाल. पडद्यावर न दिसणारे काम तारखेनिशी तीत लिही: कोणाला शिकवलेस, कोणाची चूक निस्तरलीस, कोणत्या ग्राहकाचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकून घेतलेस. नोकरी सोडायची की आत राहून बोलायचे, हा निर्णय त्यानंतर घे, आणि एकट्याने घेऊ नकोस. तुझ्या पत्रात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीचा ओझरता उल्लेख आहे, जिचा आकडा तीन आठवडे घसरतो आहे आणि जिच्याशी आता कोणी जेवायच्या सुटीत बोलत नाही. उद्या डबा घेऊन तिच्याजवळ बस, आणि पुढच्या पत्रात मला तिच्याबद्दल लिही.

तुझी,
बाई