दहावीच्या यादीत नसलेलं नाव

प्रश्न :
आदरणीय बाई, नमस्कार.

मी इचलकरंजीची, वय ६६. माहेर सांगोला तालुक्यातलं. जून १९७२ मध्ये मी आठवीत गेले आणि त्याच साली पावसानं दगा दिला. दिवाळीपर्यंत विहीर आटली, वडिलांनी बैलजोडी मिळेल त्या भावात देऊन टाकली आणि आम्ही सगळे पाझर तलावाच्या कामावर गेलो. शाळेच्या हजेरीतून माझं नाव निघालं आणि मस्टरवर चढलं. परत शाळेत जाणं झालंच नाही. १९७५ ला लग्न होऊन इकडं आले. एकतीस वर्षं मागाच्या कारखान्यात कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळलं. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा-सून चांगली आहेत.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या भावाला आमच्या वर्गातला एकजण सांगोल्याच्या बाजारात भेटला. त्यानं माझा नंबर घेतला आणि मला व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. ग्रुपचं नाव ‘दहावी १९७५’. पन्नास वर्षं झाली म्हणून डिसेंबरात शाळेतच स्नेहमेळावा ठेवलाय. वर्गणी दोन हजार. बायकांनी मोरपंखी साडी नेसायची असं ठरलंय. आणि एक फॉर्म आलाय : नाव, पत्ता, निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, मुलं काय करतात. बाकीच्यांनी भरभरून लिहिलंय. कुणी मुख्याध्यापक, कुणी बँकेत मॅनेजर, एकाची डाळिंबाची मोठी बाग. मी तो फॉर्म चारदा उघडला आणि हुद्द्यापाशी येऊन बंद केला. मी दहावीला बसलेच नाही, तर मी त्यांच्या बॅचची कशी?

दुसरी गोष्ट सांगायला जड जातंय. आठवीत माझ्या शेजारी तलाठ्यांची मुलगी बसायची. आम्ही एका डब्यात जेवायचो. मी कामावर जायला लागल्यावर एकदा ती वडिलांच्या सायकलवर पुढं बसून तलावावर आली. माझ्या डोक्यावर मातीचं घमेलं होतं. तिनं मला नावानं हाक मारली. मी तोंड फिरवलं आणि चालत राहिले. तिनं अजून एकदा हाक मारली. मग नाही मारली. ती आता पुण्यात असते, ग्रुपवर आहे, पण आमचं एकमेकींशी अजून काही बोलणं नाही. सून म्हणते, जा आई, मी गाडीत बसवून देते. मला काय करावं कळेना.

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर :
तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्या वर्षी तुम्ही शाळेतून गेलात, त्याच वर्षी मी शाळेत आले. डी.एड. झाल्या झाल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. माझं वय वीस. सातवीचा वर्ग, जूनमध्ये पटावर ४१ मुलं. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा समोर २६ बसली होती. उरलेली कुठं आहेत हे मला ठाऊक होतं, कारण येता-जाता रस्त्याच्या कामावर ती मला दिसायची. कुणी खडीच्या ढिगावर, कुणी धाकट्या भावंडाला घेऊन सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटायच्या त्या कोरड्या खाऊच्या, रांगेत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. माझ्या वर्गातली पंधरा त्यातच होती.

आणि त्या पंधरा नावांपुढं मी काय लिहिलं? ‘सतत गैरहजर, नाव कमी केले.’ मुख्याध्यापकांनी सांगितलं, मी लिहिलं. दुष्काळ हा शब्द त्या रकान्यात कुठंच आला नाही. वाचणाऱ्याला वाटावं, पोरंच उनाड होती. हे मला आजही सलतं, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी परकेपणानं देऊ शकत नाही.

तुमचं नाव कमी झालं ते हजेरीतून. शाळेत आणखी एक रजिस्टर असतं, जनरल रजिस्टर. मूल शाळेत दाखल झालं की त्यात त्याचा क्रमांक पडतो. नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. तो क्रमांक पुढं दुसऱ्या कुणाला देत नाहीत, आणि ते रजिस्टर शाळेला कायम जपावं लागतं. मी पुढं मुख्याध्यापक झाले तेव्हा कपाटाच्या किल्ल्या हातात घेताना आधी ही रजिस्टरं मोजून घेतली होती. मेळाव्याच्या दिवशी शाळेत जाल तेव्हा ऑफिसात जाऊन तुमचं पान दाखवायला सांगा. १९७२ च्या जूनमध्ये दाखल झालेल्या मुलांच्या रांगेत, तुमच्या तलाठ्यांच्या मुलीच्या आगेमागेच कुठंतरी तुम्ही असाल. दहावीचा निकाल बोर्डाचा असतो. वर्ग शाळेचा असतो, आणि त्या वर्गात तुम्ही होतात.

ग्रुपच्या नावाचं मनाला लावून घेऊ नका. १९७५ ला दहावी झालेल्यांना त्या सालाचं फार अप्रूप असतं. आधी मॅट्रिक अकरावीला असायची; दहा अधिक दोन अधिक तीन या नव्या आकृतिबंधाची ती पहिलीच दहावी. त्याच वर्षी जुनी अकरावीही परीक्षेला बसली होती, एकदम दोन बॅचा बाहेर पडल्या आणि कॉलेजात प्रवेशाला झुंबड उडाली. ते कौतुक ती मंडळी अजून मिरवतात. तुम्हाला वगळायचं असतं तर बाजारात भेटलेल्या त्या माणसानं तुमच्या भावाकडून नंबर कशाला घेतला असता?

फॉर्ममध्ये लिहा : ‘कांडी कामगार, ३१ वर्षे.’ एवढंच लिहा, पुढं-मागं काही जोडू नका. धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळा सोडल्याचं कारण कुणी विचारलंच तर ‘दुष्काळ’ म्हणा. त्या वर्गात बसलेल्या प्रत्येकानं तो पाहिलाय, समजावून सांगावं लागणार नाही. मोरपंखी साडी असेल तर नेसा, नसेल तर मुद्दाम घेऊ नका. दोन हजार जड जात असतील तर बोलावणाऱ्याला फोनवर सांगा, ग्रुपवर नको. बहुतेक मेळाव्यांत कुणीतरी गुपचूप जास्तीचे घालतं आणि कुणाला कळतही नाही.

आता तुमची मैत्रीण. तिला मेळाव्यात पहिल्यांदा भेटू नका. तिथं माईक असतो, शाल-श्रीफळ असतं, फोटोवाला ‘इकडं बघा’ म्हणत असतो, आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी दोन मिनिटं बोलायचं असतं. तुमचं बोलणं दोन मिनिटांचं नाही. त्याआधी आठ-दहा दिवस, दुपारी जेवणंखाणं झाल्यावर, तिला फोन करा. मेसेज नको. नाव सांगा, माहेरचं गाव सांगा आणि सरळ म्हणा, ‘तलावावर तू हाक मारली होतीस, मला ऐकू आली होती.’ मग तिला बोलू द्या.

तिला आठवत नसेल, असंही होईल. त्याची तयारी ठेवा, कारण त्या क्षणी खट्टू व्हायला होतं. आपण जे पन्नास वर्षं सांभाळलं ते समोरच्याच्या गावीही नसतं. तसं झालं तर तिला सगळं सांगा, घमेल्यासकट. आठवत असेल तर मात्र ती काय म्हणेल ते मी आत्ता सांगू शकत नाही. एवढं माझं मत आहे की माफी मागायला तुम्ही फोन करत नाही आहात. तेरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीनं आपल्याला तसं पाहू नये असं वाटलं, त्यात माफी कशाची? दोन हाका मारूनही मैत्रीण का बोलली नाही, हे हाक मारणाऱ्या मुलीला कळायचं राहिलंय. ते तिला कळवायचं आहे.

मेळाव्याबद्दल मला एक प्रसंग सांगायचाय. २०१८ साली त्याच सातवीच्या मुलांनी मला बोलावलं होतं. मुलं म्हणजे साठीला टेकलेली माणसं. घंटा वाजवली, प्रार्थना झाली, आणि ‘बाई, हजेरी घ्या’ म्हणून छापलेली यादी माझ्या हातात दिली. २६ नावं. मी एकेक वाचत गेले, ‘हजर बाई’ म्हणत हात वर होत गेले. एका मुलीचं नाव वाचलं आणि तिच्या पाठोपाठ जिचं नाव नेहमी यायचं, तेही तोंडातून गेलं. यादीत ते नव्हतं. वर्गात एकदम शांतता. मग मागून कुणी म्हणालं, ‘बाई, ती दहिवडीत भाजी विकते.’ म्हणजे माहीत होतं. रोज तिच्याकडून मेथी-कोथिंबीर घेणारीही त्या वर्गात बसलेली होती. तिला बोलवावं, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांनी शोधून सहाजणांना बोलावलं. चार आले. एकानं ‘काम आहे’ म्हणून सांगितलं, आणि दहिवडीची ती आलीच नाही. ‘तेव्हा कुणी घरी आलं नाही, आता कशाला?’ असं तिनं निरोप घेऊन गेलेल्याला स्पष्ट सांगितलं. मला ते पटलं. पुढच्या मंगळवारी मी तिच्या गाळ्यावर जाऊन तासभर बसून आले. तुम्हालाही मेळाव्यात जाववलं नाही तर मी दोष देणार नाही. फोन मात्र करा.

हे पत्र मेळावे भरवणारी मंडळीही वाचत असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यादी दहावीच्या निकालावरून करू नका. ती पाचवीच्या किंवा आठवीच्या पटावरून करा. शाळेत जुनी हजेरीपत्रकं मिळाली नाहीत तर जनरल रजिस्टर पाहायला मागा, मुख्याध्यापकांना विनंती करा आणि त्यांच्यासमोर बसून नावं उतरवून घ्या. फॉर्ममधून हुद्द्याचा रकाना काढून टाका. ओळख करून द्यायचीच असेल तर ‘कुठल्या बाकावर, कुणाच्या शेजारी बसायचो’ एवढं विचारा. ते प्रत्येकाला सांगता येतं.

आणि तुम्ही एकट्या जाऊ नका. सून गाडीत बसवून देते म्हणतेय ना, तिलाच बरोबर न्या. मिरजेहून सांगोल्याला आता मोठी गाडी जाते, तुमच्या लहानपणची ती बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांवरची छोटी गाडी राहिली नाही. एक दिवस आधी माहेरी मुक्काम करा. सकाळी, उन्हं वर यायच्या आत, तिला तलावावर घेऊन जा आणि तुमच्या घमेल्यातली माती त्या बांधात कुठल्या बाजूला पडली ते दाखवा.