नऊ वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन दुर्बिणीने करावं की पोट उघडून?

डॉक्टर दुर्बिणीने करू म्हणतात आणि घरच्यांना वाटतं की एवढ्याशा पोटात दुर्बीण नको, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर दुर्बिणीनेच करा, आणि निर्णय आजच घ्या. आणखी दोन ठिकाणी विचारून बघू म्हणत रात्र घालवू नका. लहान मुलांचं अपेंडिक्स लवकर फुटतं.

माझ्या लेकीचं मागच्या वर्षी पुण्यात झालं. आधी बेंबीभोवती दुखत होतं, मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं. सिंहगड रोडवर रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की ती कळवळायची. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं, गाडी आदळली की दुखतं का? पोटाच्या आतलं आवरण सुजलं की हिसका सहन होत नाही. सोनोग्राफीत सूज स्पष्ट दिसली, सीटी स्कॅन लागला नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला पूर्ण भूल देतात. बेंबीत एक आणि खाली दोन अशी ५ ते १० मिलिमीटरची छिद्रं घेतात. आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, मुलांना त्याचा दाब मोठ्यांपेक्षा कमी ठेवतात. साधारण तासाभराचं काम. पोट उघडण्यापेक्षा यात जखमेत पू होण्याचा धोका कमी, आणि मूल लवकर हिंडू-फिरू लागतं. अपेंडिक्स फुटलेलं असेल तरी दुर्बिणीने करता येतं, पण मग शिरेतून अँटिबायोटिक्ससाठी मुक्काम वाढतो. क्वचित मध्येच पोट उघडावं लागतं, त्याची तयारी मनात ठेवा.

हॉस्पिटल किती मोठं आहे यापेक्षा लहान मुलांचे सर्जन आणि मुलांना भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ आहेत का, ते विचारा. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ऑपरेशन होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. एरंडेल नको, गरम पाण्याची पिशवीही नको.

दुसऱ्या दिवशी लेक पोटापेक्षा खांदा दुखतोय म्हणून रडत होती. सासूबाई बाम शोधू लागल्या. उरलेल्या गॅसने छाती-पोटामधला पडदा चिडतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं, असं नर्सताईंनी समजावलं. एक-दोन दिवसांत थांबलं.

अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात, आठवड्याभरात शाळा. सायकल, क्रिकेट डॉक्टर म्हणतील तेव्हाच. काढलेलं अपेंडिक्स तपासायला लॅबमध्ये पाठवतात, त्याचा रिपोर्ट नंतर येतो. तो आठवणीने घ्या आणि फाइलला लावून ठेवा.