‘डूलॅली टॅप’ची तळटीप

ब्रिटिश शिपायाच्या आठवणींचा अनुवाद करताना तुम्ही ‘डूलॅली टॅप’पाशी, म्हणजे डोकं फिरण्यासाठीच्या गोऱ्या शिपायांच्या बोलीतल्या शब्दापाशी, अडलात. ‘देवळालीच्या वेड्यांच्या इस्पितळावरून आलेला शब्द, टॅप म्हणजे टपली’ असं जालावर सापडलं, ते तळटिपेत टाकू का, असं विचारलंय. नका टाकू. याच शब्दापायी एका प्रकाशनाच्या कचेरीशी माझं वाजलंय.

देवळाली म्हणजे आपली नाशिकजवळची. तिथल्या लष्करी तळावर मुदत संपलेले गोरे शिपाई आणून ठेवत आणि मुंबईहून बोटीने मायदेशी धाडत. गोम बोटींच्या वेळापत्रकात होती. सैन्याच्या बोटी साधारण हिवाळ्यातच सुटायच्या. उन्हाळ्याच्या तोंडावर मुदत संपली, की पुढच्या हंगामापर्यंत बसा! हाताला काम नाही, वर दारू, मारामाऱ्या, हिवताप. माणसं बिथरायचीच. तिथे लष्करी इस्पितळही होतं, नाही असं नाही. पण मला तरी शब्दाचं मूळ त्या रिकाम्या बसण्यात दिसतं. आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे तो गळाला आणि डोकं फिरलेल्याला नुसतं ‘डूलॅली’ म्हणू लागले.

हे सगळं मी टिपेत लिहून दिलं होतं. कचेरीतल्या कुणीतरी ते काढून परस्पर टपली छापली. शेवटचं प्रूफ मला दाखवलंच नाही. विचारलं तर, “सगळीकडे तसंच दिलंय, वाचक एवढं कुठे बघतात?” पुढच्या आवृत्तीत सुधारू म्हणाले; ती आवृत्ती अजून यायचीय. नाशिककरांचे टोमणे मात्र मला. तेव्हा शेवटचं प्रूफ तुमच्या नजरेखालून जाईल हे करारातच लिहून घ्या. मी वकील नाही, पण तोंडी आश्वासनांवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही.

पुस्तकात ‘पॉश’ आला तर तिथेही जपून. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी) याच्या आद्याक्षरांतून तो आला, ही पी अँड ओ या बोट कंपनीच्या तिकिटांची गोष्ट फार गोड आहे, पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. आद्याक्षरांतून जुना शब्द जन्मल्याची गोष्ट दिसली, की मी आधी शब्द पहिल्यांदा कधी छापला गेला ते ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात बघतो. इंग्रजीतल्या हिंदुस्थानी वळणाच्या शब्दांसाठी १८८६चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश जवळ ठेवा. त्यातल्या सगळ्याच व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत, पण जुन्या वापराची उदाहरणं भरपूर आहेत. ‘मंगूस’ वाचताना अडणार नाही तुम्ही. तो आपल्याकडचा मुंगूसच.