जुना डॅक निवडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहतो. घरी स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आहेत. शास्त्रीय संगीताच्या जवळजवळ सगळ्या सीडी मी लॅपटॉपवर फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फायलीच्या) स्वरूपात उतरवून घेतल्या आहेत. मोजकी ध्वनिमुद्रणे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीहून अधिक बारकाईने नोंदलेली आहेत. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून येणाऱ्या आवाजाने समाधान होत नाही, म्हणून वापरलेला डॅक (डिजिटल संगीताचे ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या ॲनालॉग संकेतात रूपांतर करणारे यंत्र) घ्यावा असे वाटते. मुंबईतील एका विक्रेत्याकडे दोन डॅक आहेत. एक १९९० च्या सुमाराचा, फिलिप्सच्या टीडीए १५४१ चिपचा असून त्याला केवळ कोॲक्सियल इनपुट (तारेने डिजिटल संकेत घेणारे सॉकेट) आहे. दुसरा केंब्रिज ऑडिओचा, २००८ च्या सुमारास आलेला डॅकमॅजिक. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट आहे, तरी मित्र पहिल्याचाच आग्रह धरतात. कोणता घ्यावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला वापर पाहता दुसरा घ्यावा, मात्र तो नीट तपासून आणि योग्य किमतीतच.

आपल्या मित्रांचा आग्रह बहुधा चिपच्या नावामुळे असावा. टीडीए १५४१ ही १९८५ मध्ये आलेली १६ बिटांची चिप खरोखरच नावाजलेली आहे. परंतु डॅकमधून येणारा आवाज एकट्या चिपचा नसतो. चिपला मिळणारा वीजपुरवठा किती स्वच्छ आहे, तिच्या पुढचा ॲनालॉग भाग कसा बांधला आहे आणि इतक्या वर्षांनी त्यातले सुटे भाग कोणत्या अवस्थेत आहेत, यांवर आवाज फार अवलंबून असतो. एकाच चिपवर उत्तम यंत्रेही बनली आणि सामान्यही बनली. शिवाय ही चिप आता तयार होत नाही आणि बाजारात तिच्या नावाचे खोटे शिक्के मारलेले नग फिरतात, त्यामुळे ती बिघडल्यास खात्रीची दुसरी मिळवणे कठीण जाते. त्या काळातील डॅकची इनपुटे सर्वसाधारणपणे ४८ किलोहर्ट्झपर्यंतचाच संकेत स्वीकारतात, म्हणजे आपली ९६ किलोहर्ट्झची ध्वनिमुद्रणे त्यावर आहेत तशी वाजणार नाहीत. लॅपटॉपला कोॲक्सियल आउटपुट नसल्याने मध्ये यूएसबीचा वेगळा कन्व्हर्टरही घ्यावा लागेल.

डॅकमॅजिकलाही मर्यादा आहे. त्यात वुल्फसनच्या डब्ल्यूएम ८७४० या दोन चिपा असून ऑप्टिकल (प्रकाशावाटे संकेत घेणाऱ्या) आणि कोॲक्सियल इनपुटावर तो २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत घेतो. यूएसबीवर मात्र १६ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. सीडी मुळातच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते, तेव्हा आपला बहुतेक संग्रह यूएसबीवरून जसाच्या तसा वाजेल. उरलेली मोजकी ध्वनिमुद्रणे लॅपटॉप खालच्या दरावर आणून पाठवील आणि त्यासाठी आणखी खर्च करावा, असे मला वाटत नाही.

तपासणीसाठी स्वतः मुंबईला जावे. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून संध्याकाळी परतता येते आणि कुरियरने मागवून नंतर वाद घालण्यापेक्षा ते केव्हाही बरे. सोबत आपला लॅपटॉप आणि साधा मल्टिमीटर न्यावा. प्रथम ॲडॉप्टर उलटा करून त्यावरचे लेबल वाचावे. या डॅकला १२ व्होल्टचा एसी ॲडॉप्टर लागतो, म्हणजे आउटपुटच्या आकड्याशेजारी नागमोडी रेघ हवी. तेथे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल, तर तो डीसी ॲडॉप्टर आहे. मूळचा हरवल्यामुळे कोणीतरी पिन बसते म्हणून जोडून दिलेला असतो.

त्यानंतर आउटपुटच्या तारा ॲम्प्लिफायरला न जोडता लॅपटॉपवर ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लावावा, लॅपटॉपचा आवाज कमाल ठेवावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही आरसीए सॉकेट (ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या तारा बसतात ते) मोजावेत. साधारण २ व्होल्ट मिळायला हवेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डावा-उजवा आकडा जवळजवळ सारखा असावा. सूर थांबवून मीटर डीसीवर न्यावा; काही मिलिव्होल्ट दिसले तर चिंता नाही, अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तो नग सोडून द्यावा.

मग ऐकावे. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवून, काही न वाजवता, स्पीकरला कान लावावा. १०० हर्ट्झची जाडसर घरघर येत असेल, तर वीजपुरवठ्यातील कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) सुकल्याची दाट शंका घ्यावी. उष्णता दहा अंशांनी वाढली की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, म्हणून बंद कपाटात वर्षानुवर्षे चालू राहिलेला डॅक बाहेरून चकचकीत असला तरी आतून थकलेला असू शकतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेने सॉकेटही काळवंडतात; पिन हलकेच फिरवून खरखर येते का ते पाहावे.

कानाच्या परीक्षेसाठी मी नाशिकमध्येच जन्मलेल्या द. वि. पलुस्करांचे ध्वनिमुद्रण सुचवीन. त्यांचे १९५५ मध्ये निधन झाले, तेव्हा ही ध्वनिमुद्रणे मोनो आहेत आणि डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांवर तोच संकेत असतो. समान अंतरावर बसल्यावर गळा दोन स्पीकरांच्या अगदी मधोमध ऐकू यायला हवा. तो एका बाजूला झुकला, तर स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पुन्हा ऐकावे. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष स्पीकर किंवा खोलीचा नसून डॅकचा किंवा ॲम्प्लिफायरचा आहे. मागे तंबोरा असेल तर त्याचा झंकार विरेपर्यंत कान द्यावा, कारण खराब ॲनालॉग भाग सर्वप्रथम तेथेच उघडा पडतो.

किमतीबाबत माझे मत कडक आहे. आज मिळणारा साधा नवा डॅकही मोजमापात या दोन्हींच्या पुढे असतो, लॅपटॉपवरून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ सहज घेतो आणि वॉरंटीसह येतो. म्हणून अशा नव्या डॅकच्या निम्म्याहून अधिक रक्कम या डॅकमॅजिकसाठी देऊ नये. विक्रेता तेवढा उतरत नसेल, तर नवाच घ्यावा.

प्रश्न : मी घेतलेला जुना डॅक सीडी प्लेअरवर उत्तम चालतो, टीव्हीला ऑप्टिकल केबलने जोडल्यावर मात्र काही वाहिन्यांवर आवाजच येत नाही. डॅक खराब आहे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बहुधा नाही. टीव्ही त्या वाहिन्यांवर डॉल्बीचा संकेत पाठवीत असावा आणि स्टीरिओ डॅकला तो उलगडता येत नाही. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ऐवजी ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल संकेत) करावे. सेट-टॉप बॉक्समध्येही तशीच निवड असल्यास तीही बदलावी.