लॉनमधले मातीचे ढीग: मोल नाही हो, घूस आहे ती

प्रश्न असा आहे: "घोडबंदर रोडला तळमजल्यावर गार्डन फ्लॅट घेतलाय. लॉनमध्ये रोज सकाळी मातीचे नवे ढीग दिसतात. मोल असावा. ऑनलाइन मोल ट्रॅप मिळतोय तो घेऊ, की जमिनीत खोचायची ती सोलरची आवाज करणारी खुंटी? मुलगी रोज पक्ष्यांना दाणे टाकते म्हणून विष टाकायची भीती वाटते, पण सोसायटीतले लोक म्हणतात विषच टाका."

दोन्ही घेऊ नका. आणि ते सोसायटीतले लोक कोण आहेत मला माहीत नाही, पण आमचा दादा तुमच्या सोसायटीत राहायला आलाय की काय अशी शंका आली, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

आधी मोलचं मिटवून टाकू. मोल म्हणजे जमिनीखाली बोगदे काढून राहणारा छोटा केसाळ प्राणी. ठाण्यात मोल नसतो. महाराष्ट्रातच नसतो. भारतात आहेत ते तिकडे पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे. तुम्ही जे व्हिडिओ बघितले असतील ते इंग्लंडचे, मीही रात्र रात्र बघितलेत, त्यामुळे हसत नाहीये. तिकडे मोल पकडणं हा पिढीजात धंदा आहे, 2006 पर्यंत ते लोक गांडुळांना स्ट्रिक्निन लावून विष घालायचे, ते बंद झालं तेव्हा परत सापळेवाल्यांना दिवस आले. त्यांचा एक राजा, तिसरा विल्यम, 1702 साली घोडा मोलच्या ढिगाऱ्याला अडखळून पडला, गळ्याखालचं हाड, कॉलरबोन, मोडलं आणि त्या दुखण्यातच गेला, तर त्याचे विरोधक नंतर "काळ्या मखमलीतल्या छोट्या गृहस्थां"च्या, म्हणजे त्या मोलच्या, नावाने पेले उचलायचे म्हणे. हे सगळं मला का माहीत आहे, तर घूस रात्री दोन वाजता उकरते आणि मग झोप लागत नाही.

तर मोल हा गांडुळं खाणारा प्राणी, त्याला आमिष वगैरे काही लागत नाही. तो आपल्याच बोगद्यातून रोज ये-जा करतो, म्हणून तो कात्रीसारखा सापळा बोगद्याच्या आत बसवतात, तो ढकलत पुढे गेला की मिटतो. घूस तशी नाही. घुशीची बिळं मोठी, फाटे फुटलेली, आणि ती वरून फिरते, गटारातून येते, कुंपणाखालून जाते, तिला तुमच्या बोगद्यातल्या लोखंडाशी काय देणंघेणं, ती बाजूने नवीन वाट काढेल. पण तिला खाण्याची हाव मात्र सगळ्याची, तिथेच ती सापडते.

घूसच आहे हे कसं ओळखायचं? ढीग बघा, आमच्याकडे त्याला उकीर म्हणतात, भोकाच्या तोंडाशी एका बाजूला टाकलेली मोकळी माती, आणि भोक असं की माझी मूठ आरामात आत जाते, तुम्ही मात्र हात घालून बघू नका. भोक लहान असेल आणि रात्री चिक चिक आवाज करत भिंतीच्या कडेकडेने काहीतरी पळत असेल, वास मारत असेल, तर ती चिचुंद्री, तिला सोडून द्या, ती झुरळं खाते, बिचारी उंदीर समजून मारली जाते.

आता आमचं. आम्ही नेरूळला सिडकोच्या रो-हाऊसमध्ये राहतो, पुढे दहा बाय बाराची बाग, भिंतीला भिंत लागून दादाचं घर. 2019 च्या पावसात आईने लावलेला अळू एका रात्रीत आडवा झाला. कंद खाल्लेले, पानं तशीच टाकलेली. मग कर्दळ. मग अंगणातल्या एका फरशीवर पाय पडला तर ती पोकळ वाजली, काठीने ठोकत गेलो तर अर्धं अंगण डब्यासारखं वाजायला लागलं, म्हणजे खालची माती गायब. तेव्हा पोटात गोळा आला, कारण त्याच्यापुढे तीन फुटांवर घराचा पाया.

मी म्हटलं पिंजरा आणतो. दादा म्हणाला, "पिंजऱ्यात घूस येत नसते, ती काय कुत्र्याचं पिल्लू आहे का? आणि आली तर तू काय करणार, पाळणार?" हे वहिनीसमोर, आईसमोर. त्याने कुठूनतरी काळ्या पावडरची पुडी आणली, म्हणजे झिंक फॉस्फाइड, आणि कणकेच्या गोळ्यात कालवून मला न सांगता दोन्ही बागांत टाकली. आणि वर ठाम सांगणं की हे औषध खाल्लं की तहान लागते, घूस पाणी प्यायला बाहेर जाते आणि लांब जाऊन मरते, घरात मरतच नाही.

हे साफ खोटं आहे, आणि अर्धा महाराष्ट्र यावर विश्वास ठेवून बसलाय. कुठलंही उंदराचं औषध घुशीला "बाहेर जाऊन मर" असं सांगत नाही. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात गेलं की फॉस्फिन वायू सुटतो, त्याने ती मरते, आणि मरते तिथे जिथे तिला बरं वाटत नाहीसं झाल्यावर लपावंसं वाटतं, म्हणजे बिळात. आमची मेली स्वयंपाकाच्या ओट्याखाली, जिथे पाइप आत येतो त्या पोकळीत. दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली गॅसचा वास येतो का रे. पाचव्या दिवशी आम्ही दादाकडे जेवायला. बाराव्या दिवशी ओटा फोडला, कडप्पा दोन तुकडे झाला, गवंडी आत बघून बाहेर आला आणि अंगणात जाऊन उभा राहिला, काही बोलला नाही, नंतर चहाही घेतला नाही.

आणि बाकीच्या घुशी? त्या होत्याच. एकीने गोळा थोडासा खाल्ला असणार, पोट बिघडलं, वाचली, आणि त्यानंतर कणकेला कुणी तोंड लावलं नाही. हे या विषाचं नेहमीचं आहे, एकदा त्रास झाला की त्या चवीला शिवत नाहीत, म्हणूनच जाणते लोक आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं धान्य तेल लावून खायला घालतात आणि मग शंभरात दोन भाग औषध मिसळतात, पुडी ओतत नाहीत. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतली तीन रंगांची मांजर पण मेली. पुरावा नाही. दादा म्हणतो म्हातारी झाली होती. तीन वर्षांची मांजर कुठल्या हिशोबाने म्हातारी होते ते त्यालाच विचारा.

मला खरं शिकवलं ते महापालिकेच्या मूषक नियंत्रणाच्या माणसाने. आमच्या वॉर्डात गटारांच्या कडेने फिरायचा, खांद्याला पिशवी, हातात लोखंडी कांब. त्याला घरात बोलावून फुटलेला ओटा दाखवला. तो म्हणाला, "काका, आधी कोणतं बीळ चालू आहे ते तर बघा." संध्याकाळी सगळी भोकं ओल्या मातीने थापून बंद करायची, सकाळी जी उघडी सापडतील ती चालू. आमची सात भोकं होती, सकाळी दोनच उघडी, बाकी पाच जुनी ओसाड. आठवडाभर मी चुकीच्या भोकांसमोर टॉर्च घेऊन बसत होतो.

मग म्हणाला, "पिंजरा ठेवा पण तीन दिवस दार उघडं बांधून ठेवा. आधी जेवू घाला, मग पकडा." घूस नव्या वस्तूला घाबरते, पिंजरा दिसला की पहिल्या रात्री लांबून जाते, आणि लोक दुसऱ्या दिवशी म्हणतात आली नाही, पिंजरा फेकून द्या. पिंजरा मोठा हवा, उंदराचा नाही, जाड तारेचा, दोन फुटांच्या आसपास लांब. मी तुर्भ्याच्या मार्केटजवळून साडेचारशेला घेतला होता, तुमच्याकडे जांभळी नाक्याला बघा. भिंतीला चिकटवून ठेवायचा, मोकळ्या लॉनच्या मधोमध नाही, ती कडेनेच चालते. वर गोणपाट टाकायचं, तळाला थोडी त्याच जागेची माती पसरायची. आमिष म्हणून लोक पोळीचा तुकडा लावतात, पोळी तिला कचऱ्यात रोज मिळते, तिच्यासाठी पिंजऱ्यात कशाला येईल. सुक्या बोंबलाचा तुकडा तव्यावर नुसता गरम करून लावा, वास सुटला पाहिजे. शाकाहारी असाल तर भाजलेलं खोबरं. आणि हुकाला दोऱ्याने बांधा, नाहीतर ती अलगद काढून नेते आणि दार पडत नाही.

पहिल्या रात्री बोंबील जागेवर. दुसऱ्या रात्री गायब. तिसऱ्या रात्री गायब आणि पिंजऱ्यात लेंड्या. चौथ्या रात्री दोरी सोडली. पावणेतीनला दार पडल्याचा आवाज आला, मी बॅटरी घेऊन गेलो, आणि जी गुरगुर ऐकली ती उंदराची वाटलीच नाही, डुकराच्या पिल्लाची वाटली. नंतर वाचलं तर बँडिकूट हा शब्दच तेलुगूतल्या पंदिकोक्कुवरून आलाय, त्याचा अर्थ डुक्करउंदीर. पाठीवरचे लांब काळे केस ब्रशसारखे उभे, शेपटी खवल्याखवल्यांची, तारेला दात लावून ओढत होती आणि पुढच्या पायांच्या नखांत आमच्या अंगणातली लाल माती. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा आणून लटकवली. पिंजरा वजा जाता साडेसातशे ग्रॅम भरली. त्याच्या फोटोसकट दादाला मेसेज टाकला, पहाटे तीन वाजता. निळी टिक आली, उत्तर आलं नाही.

सकाळी तो मूषक नियंत्रणवाला येऊन घेऊन गेला. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी दोन सापडल्या, एकदा शेजारचा बोका सापडला, त्याला सोडला. मग दोन्ही भोकांत काचेचे तुकडे आणि सिमेंट, आणि कुंपणाच्या कडेने अर्ध्या इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, जाळी दीड फूट खोल पुरली, खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवून. हे पकडून झाल्यावर करायचं बरं का, आधी केलं तर एक तर आत सडते नाहीतर शेजारून दुसरं भोक पाडते. दादा अजून लग्नाकार्यात सांगतो की माझ्या औषधानेच घुशी गेल्या, पिंजऱ्यात आलेल्या त्या "अर्धमेल्या" होत्या. साडेसातशे ग्रॅमची अर्धमेली. असो.

तुमच्याकडचं खरं कारण तुम्ही स्वतःच प्रश्नात लिहून बसलाय, पक्ष्यांचे दाणे. पक्षी संध्याकाळी झोपायला जातात, उरलेले दाणे रात्री कोण खातं असं वाटतं? मुलीला टाकू दे, पण ताटलीत, आणि अंधार पडायच्या आत ताटली आत. ओल्या कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या. हे केलं नाही तर तीन पकडल्या की पाच येतील, कारण मऊ माती, रोज पाणी घातलेलं लॉन आणि फुकट जेवण, तिला याहून काय हवं. आणि तिकडे येऊरचं जंगल जवळ आहे, कंपाउंडमध्ये धामण दिसली तर आरडाओरडा करू नका, धामण बिनविषारी आणि घुशीची पिल्लं बिळात शिरून खाते. आमच्या गल्लीत एक होती, लोकांनी सर्पमित्राला बोलावून लांब सोडायला लावली, पुढच्याच पावसाळ्यात आमचा अळू गेला. योगायोगही असेल, मी काही शास्त्रज्ञ नाही. पण अनोळखी साप स्वतः धामण ठरवून जवळ जाऊ नका हेही सांगतो, नाहीतर मला शिव्या बसतील.

सोलरची खुंटी म्हणजे लॉनमध्ये लावलेलं शोभेचं झाड समजा. त्या आवाजाची दोन दिवसांत सवय होते, माझ्या साडूकडे खुंटीच्या बाजूलाच उकीर आहे. चिकट पुठ्ठा नको, घूस त्यावर थांबत नाही, सरडे आणि चिमण्या मरतात, हाल हाल होऊन.

वरातीमागून घोडं, पण हे वाचाच. पिंजरा हातमोज्यांशिवाय हाताळू नका, घुशीच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो, 2005 च्या 26 जुलैच्या पुरानंतर आपल्याकडे किती लोक त्याने गेले ते आठवा. पायाला चीर असेल तर पावसात त्या बागेत अनवाणी नको, आणि ताप आला तर डॉक्टरला घूस प्रकरण सांगा, ते स्वतःहून विचारणार नाहीत. पिंजरा नंतर उकळत्या पाण्याने धुवा. पकडलेली घूस बादलीत बुडवू नका आणि दुसऱ्याच्या गल्लीतही सोडू नका, महापालिकेच्या लोकांना द्या. पायाच खचलाय असं वाटत असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण त्याने काय टाकलं ते नावासकट लिहून घ्या. ब्रोमाडिओलोनची वडी असेल तर त्याने रक्त गोठत नाही, घूस काही दिवसांनी मरते, आणि तोवर ती एखाद्या घुबडाने खाल्ली तर घुबडही जातं, पण निदान माणसाने किंवा कुत्र्याने खाल्लं तर व्हिटॅमिन के देऊन उपचार होतो. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, आणि ती पिवळ्या फॉस्फरसची ट्यूब तर लहान मूल असलेल्या घरात आणूच नका, लिव्हर जातं.

माझा पिंजरा दिला असता, नेरूळहून घोडबंदर काही फार लांब नाही. पण तो गेल्या महिन्यात दादा घेऊन गेलाय. कशाला ते मी विचारलं नाही, रात्री पावणेतीनला त्यांच्या बाजूने दार पडल्याचा आवाज येतो.