शाळेच्या भिंतीवर मुलांची वाक्यं: 'जरा नीट करून' पाठवू नका

चौथीच्या मुलांनी लिहिलेली वाक्यं शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर रंगवायची आहेत, रंग कोणता घ्यावा आणि परवानगी कोणाकडून, असं तुम्ही विचारलंय. पण माझा जीव अडकला तो तुमच्या मधल्याच एका ओळीत: "वाक्यं टाइप करून, जरा नीट करून ऑफिसला पाठवतोय." पाठवली नसतील तर थांबा.

काही वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. कोळीवाड्याला लागून असलेली पालिकेची मराठी शाळा, मी व्यवस्थापन समितीत पालक म्हणून. एका मुलाने लिहिलं होतं, "बापूस दर्यान गेला का आय निजत नाय." मी रात्री बसून सगळ्या वह्यांची स्वच्छ प्रत काढली आणि त्याचं केलं, "वडील समुद्रात गेले की आई झोपत नाही." शुद्धलेखन बिनचूक. एका मुलीचं होतं, "आमच्याकडे पानी पाटे चारला येतं म्हणून मी वर्गात पेंगते." तिथे मी पाणी आणि पहाटे केलं आणि स्वतःवरच खूश झाले.

मग ती यादी एका कार्यालयात गेली. कोणतं ते सांगत नाही, तुम्हाला कळेलच. चार महिन्यांत फाइल तीन टेबलं फिरली. परत आली तेव्हा पाण्याच्या वाक्यावर लाल रेघ आणि शेजारी सुचवणी: "पाणी वाचवा, जीवन वाचवा." तक्रारीचा सूर नको म्हणे. पहाटे चारला उठून हंडे भरणाऱ्या पोरीला पाणी वाचवायला सांगणार! असो, रक्तदाब वाढतो.

तरी त्या कार्यालयापेक्षा मोठी चूक माझीच. रंगकाम सुरू झालं, तो कोळ्यांचा मुलगा मधल्या सुट्टीत भिंतीसमोर उभा राहिला, वाक्य वाचलं आणि विचारलं, "बाई, हे कोणाचं?" खाली त्याचंच नाव होतं. मी धावत ऑफिसात गेले, मूळ वाक्य लिहू द्या म्हणाले. उत्तर तयार होतं: मंजूर मजकुरात बदल करता येणार नाही, नवा प्रस्ताव द्या. म्हणजे माझ्या 'स्वच्छ प्रती'वरच शिक्का बसला होता. मुलांच्या वह्या कोणी पाहिल्याच नव्हत्या, कारण मी त्या जोडल्याच नव्हत्या.

म्हणून माझं ठाम मत: प्रस्तावाला मुलांच्या हस्ताक्षराच्या झेरॉक्स जोडा आणि अर्जात स्पष्ट लिहा की "मुलांच्या अक्षरात, मूळ भाषेत, जसंच्या तसं." जोडपत्रावर पोच घ्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असू द्या. 'पानी'चं 'पाणी' करणारे पाहुणे उद्घाटनाला येतीलच, त्यांना चहा द्या.

हे सगळं माझ्या एका शाळेच्या अनुभवावरून. मी वकील नाही, चित्रकारही नाही. पण लेखी परवानगीशिवाय ब्रश उचलू नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे आणि 'साहेब तोंडी हो म्हणाले' याला काही किंमत नसते. इमारत वारसा यादीत असेल तर प्रकरण आणखी लांबतं. आणखी एक, जे माझ्या उशिरा लक्षात आलं: पालिकेच्या बऱ्याच इमारतींत सकाळी एका माध्यमाची शाळा भरते, दुपारी दुसऱ्या. भिंत दोघांचीही. दुपारच्या मुख्याध्यापकांना आधीच विचारा, त्यांच्या मुलांची वाक्यंही घ्या. आमच्याकडे दुपारी उर्दू शाळा होती आणि त्यांचं रुसणं योग्यच होतं.

सगळंच भिंतीवर न्यायचं नसतं, हेही सांगते. एका मुलीने घरातल्या मारहाणीबद्दल लिहिलं होतं. ते वाक्य यादीत घातलं नाही, वर्गशिक्षिकेशी बोलले. रस्त्याकडच्या भिंतीवर पूर्ण नाव, इयत्ता नको. नुसतं पहिलं नाव, तेही घरच्यांना विचारून.

मुलाचं अक्षर मोठं करायला फॉन्ट शोधू नका. उदबत्तीने भोकं पाडलेला रांगोळीचा कागद आठवतो? तसंच. झेरॉक्स मोठी करून अक्षराच्या कडेने सुईने टोचायची, कागद भिंतीला चिकटवायचा आणि गेरूच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. ठिपके उमटतात, ते रंगाऱ्याने जोडायचे. मुलांनाही हे काम जमतं. फ्लेक्स छापणाऱ्याकडे गेलात तर त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे बसतो. आमच्या फलकावर 'वर्ग' शब्दाचे तीन तुकडे झाले होते.

रंगाबद्दल फार सांगत नाही, बाहेरच्या भिंतीचा इमल्शन कोणीही सुचवेल. जुना चुना मात्र पूर्ण खरवडा, नाहीतर रंग चुन्यासकट पोपड्याने निघतो. नवीन गिलावा असेल तर महिनाभर सुकू द्या. दिवाळीनंतर सुरू करा, पावसाळ्याच्या तोंडावर नको. खालच्या दोन फुटांत जमिनीची ओल चढते, तिथे नुसता पट्टा मारा. पण वाक्यं पहिलीच्या मुलाला मान वर न करता वाचता येतील इतकी खालीच ठेवा, सहा फुटांवर साहेबांसाठी नको.

रंगारी साइनबोर्ड हाताने लिहिणारा जुना माणूस शोधा, फ्लेक्स आल्यापासून कमी उरलेत. पण आत्ताच बोलून ठेवा, गणपतीच्या आधी दोन महिने तो कोणाचाच नसतो.